घरचा हिशेब : नवा रकाना

हिशेबाचा विषय निघाला कीं आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडते, हें आम्ही जाणून आहों. तथापि आज त्याच विषयास हात घालणें प्राप्त आहे. कारण बेरीज बिनचूक असूनही अन्याय कसा होतो, हें नुकतेंच आमच्याच घरांत प्रत्ययास आलें.

प्रथम वर्ध्यानजीकच्या नालवाडीस जाऊं. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे तेथें राहावयास गेले, व १९३४ मध्यें तेथें ग्रामसेवा मंडळ स्थापन झालें. सूतकताई हें तेथील एक मुख्य काम. सुताचें माप ठरलेलें असे : चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. १९३५ मध्यें चरखा संघानें आठ तासांच्या कामास निर्वाहापुरती मजुरी मिळावी हें तत्त्व स्वीकारलें, तेव्हां रोजच्या आंकड्यास अधिकच महत्त्व आलें.

आतां समजा, एका कातणाऱ्या बाईच्या नांवापुढें चार दिवसांचे चार रकाने आहेत. पहिल्या दिवशीं तीन गुंड्या, दुसऱ्या दिवशीं चार, तिसरें घर कोरें, चौथ्या दिवशीं पांच. एकूण बारा. रोजची सरासरी किती? चारांनीं भागिल्यास तीन, तिहींनीं भागिल्यास चार. तिच्या हाताचा वेग पाहावयाचा असेल तर तिहींनीं भागावें; चार दिवस चूल कशावर पेटली हें पाहावयाचें असेल तर चारांनीं. कोऱ्या घरांत न विचारतां शून्य भरणारा कारकून मात्र हा विचारच करीत नाहीं.

संगणकाचीही गोष्ट अशीच आहे. १९७० मध्यें एडगर कॉड यांनीं माहिती कोष्टकांत मांडण्याची शास्त्रीय रीत सांगितली, आणि १९७४ मध्यें चेंबरलिन व बॉइस यांनीं त्या कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा पुढें मांडली. तीच पुढें ‘एसक्यूएल’ या नांवानें रूढ झाली. या भाषेंत आडव्या ओळींतील रकाने अधिकाच्या चिन्हानें जोडले, आणि त्यांतील एकही घर रिकामें असलें, तर सारी बेरीजच रिकामी येते. उलट उभ्या रकान्याची सरासरी मागितली तर रिकामीं घरें मुकाट्यानें वगळलीं जातात. शिवाय, ज्या रकान्याचें नांव बेरजेंत घेतलें नाहीं, तो त्या बेरजेंत कधींच येत नाहीं.

आमच्या घरीं घडलें तें येथेंच. घरखर्चास प्रत्येक कमावतें माणूस जें देतें, तें आम्ही संगणकावर लिहितों : महिन्यांच्या ओळी, माणसांचे पांच रकाने, व शेवटीं बेरीज. धाकट्या सूनबाई नोकरीस लागल्या, तेव्हां त्यांचा सहावा रकाना बेरजेच्या पलीकडे जोडला. सूत्र कोणीं बदललें नाहीं. दिवाळीपूर्वीं आम्हीं जमाखर्च पाहिला. जमा अपुरी दिसली. तेव्हां सूनबाईंच्या पुढील परीक्षेचें शुल्क यंदा भरूं नये, असें ठरवूनही टाकलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

रात्रीं नातीनें पासबुक व कोष्टक शेजारीं ठेवलें. फरक १२,००० रुपयांचा. दरमहा ३,००० प्रमाणें बरोबर चार महिन्यांचा. “आजोबा, काकूचा रकाना बेरजेंत नाहींच,” ती म्हणाली.

सकाळीं आम्हीं सूनबाईंपाशीं चूक कबूल केली. त्या एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, मला वाटलें, माझें थोडें म्हणून धरलें नसेल.” या वाक्यानें आम्हांस जेवढी लाज वाटली, तेवढी बारा हजारांच्या चुकीनें वाटली नव्हती.

शुल्क त्याच दिवशीं भरलें. कोष्टकांतील माणसांचे रकाने मोडून टाकले. आतां प्रत्येक रक्कम स्वतंत्र ओळींत लिहितों : महिना, नांव, रक्कम. रकाने तीनच. माणूस वाढलें तर ओळी वाढतात, आणि बेरीज संबंध रक्कम-रकान्याचीच होते. एक उणीव राहते : ज्यानें कांहीं दिलें नाहीं त्याची ओळच नसते. म्हणून घरांतील सर्वांच्या नांवांची यादी निराळी ठेवून महिनाअखेर ती ताडून पाहतों.

आमच्या वाचकांस विनंति इतकीच, कीं घरांत नवें माणूस आलें म्हणजे त्याचें नांव वहींत लिहून थांबूं नये. तें बेरजेंतही आलें आहे कीं नाहीं, हें एकदां अवश्य पाहावें.