आधी टिकटिक

अण्णांच्या पश्चात पाच महिने बडोद्याच्या घरी उभी असलेली त्यांची १९६५ ची एम.जी.बी. काही केल्या सुरू होईना. मेकॅनिक दोन्ही कार्बोरेटर उतरवू म्हणाला. भंगारवाला तर किंमतही सांगून गेला होता.

वाचकहो, अशा वेळी घाई करू नये. आसनांमागील सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या आम्ही चार्ज करून बसविल्या. (या जुन्या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, हे विसरणे महागात पडते.) स्टार्टरने इंजिन जोमाने फिरविले, पण ते पेट घेईना. प्लग काढून पाहिला, ठिणगी होती. म्हणजे उरले पेट्रोल.

"किल्ली फिरविली, की हे आधी कान देत असत," आई दारातून म्हणाली.

खरेच की! किल्ली फिरविताच मागल्या उजव्या चाकाजवळचा विजेचा पंप टिकटिकला पाहिजे. तो मुका होता. गाडी बराच काळ उभी राहिली, की पंपातील पॉइंट काळवंडतात. आम्ही लाकडी मुठीने हलकेच दोन टोले दिले. टिकटिक सुरू झाली, कार्बोरेटर भरताच मंदावली आणि इंजिन धडधडले.

पॉइंट घासण्याचे काम उद्यावर टाकावे लागले. आई केव्हाच गाडीत जाऊन बसली होती.