वीजबिल आणि अपंगांचा पंचवीस टक्के हक्क

उल्हासनगरच्या कॅम्पांतील बराकी, अंबरनाथच्या कामगार चाळी आणि बदलापूरच्या नव्या इमारती यांत राहणाऱ्या घरांना महावितरणचे एकाच नमुन्याचे बिल येते. त्यात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क असते. त्या घरात यंत्राच्या आधाराने जगणारे माणूस आहे काय, याची नोंद मात्र त्यात कोठेही नसते. सरकारदरबारी 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' शब्द आला. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. नाव बदलले, खाते उघडले. अपंगाच्या घरचे बिल होते तसेच राहिले.

सुदृढ माणसाला जी वीज सोयीची वाटते, ती अपंगाच्या बाबतीत पुष्कळदा शरीराचाच भाग असते. मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला घामावाटे शरीर थंड राखता येत नाही. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत त्याचा पंखा बंद पडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. विजेवर चालणारी चाकाची खुर्ची रोज भारित करावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून घातलेल्या हवेच्या गादीचा पंप रात्रंदिवस चालतो.

यांपैकी सर्वांत जड भार प्राणवायू-यंत्राचा. सुमारे ३०० वॅटचे असे यंत्र चोवीस तास चालले, तर दिवसाला ७.२ आणि महिन्याला २१६ युनिट वीज लागते. समजा, त्या घराचा एरवीचा वापर ८० युनिटांचा आहे. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ऊर्जा आकार ४ रुपये ७१ पैसे होता, तर १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे. म्हणजे यंत्र आणताच ते कुटुंब गरिबाच्या दरातून उचलून दुपटीहून महाग दरात टाकले जाते. युनिटामागे १ रुपया १७ पैशांचा वहन आकार आणि वीज शुल्क धरता, या एका यंत्रापायी बिल २,७०० रुपयांहून अधिक वाढते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अपंगांचे मासिक साहाय्य दीर्घ आंदोलनानंतर ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झाले. ही सारी रक्कम यंत्राच्या विजेत जाते आणि वर दोनशे रुपये कमी पडतात. औषध आणि अन्न यांसाठी काय उरते, हे सांगावयास अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

अर्थतज्ज्ञांनीही ते सांगून ठेवले आहेच. समान उत्पन्न असलेल्या दोन माणसांपैकी एक अपंग असेल, तर त्या उत्पन्नातून तो दुसऱ्याइतके जीवन घडवू शकत नाही, हा विचार अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' (२००९) या ग्रंथात मांडला आहे. अपंगाला कमाई करणे अवघड जाते, आणि केलेल्या कमाईतून तेवढेच जगणे विकत घेणेही अवघड जाते. समान दर हा त्याच्या बाबतीत विषम न्याय ठरतो.

भारतीय कायद्याने हे तत्त्व स्वीकारलेले आहे, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घेतली पाहिजे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ नुसार अपंगांना पुरेसे राहणीमान आणि स्वतंत्रपणे जगण्याची शक्यता लाभावी म्हणून सरकारने आपल्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेत योजना आखावयाच्या आहेत. त्याच कलमाच्या परंतुकात म्हटले आहे की, इतरांसाठी असलेल्या तत्सम योजनांपेक्षा अपंगांना मिळणारे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असले पाहिजे. हा आकडा कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यातला नाही. संसदेने संमत केलेल्या कायद्यातला आहे.

आता राज्याच्या योजना या मापाने मोजाव्यात. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्यात आली. त्यासाठी वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपयांचा भार सरकारने उचलला. शेतकऱ्याला दिले ते योग्यच झाले. त्याच वर्षी अन्नपूर्णा योजनेतून पात्र महिलांच्या नावावरील गॅसजोडणीला वर्षाला तीन सिलिंडर मोफत झाले. एकट्या राहणाऱ्या अपंग पुरुषाला तेथे वाव नाही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत छपरावरील सौरसंचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. परंतु भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने छप्पर कोठून आणावे? या योजनांत अपंगाचा २५ टक्के अधिक वाटा शोधूनही सापडत नाही.

येथे एक सबब पुढे केली जाते, ती अशी की वीजदर नियामक आयोग ठरवितो, सरकारच्या हाती काही नाही. ही सबब टिकणारी नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ६२ मध्ये दरांत फरक करण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत अपंगत्व नाही, हे खरे. परंतु कलम ६५ नुसार राज्य सरकार कोणत्याही ग्राहकवर्गाला अनुदान देऊ शकते, मात्र त्याची रक्कम आगाऊ भरली पाहिजे. शेतीपंपांसाठी जे शक्य झाले, ते प्राणवायू-यंत्रासाठी अशक्य होण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये घरच्या प्राणवायू-यंत्राला लागलेल्या विजेचा खर्च रुग्णाला परत मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात जीवरक्षक उपकरणांच्या विजेसाठी स्वतंत्र सवलत आहे.

राज्याचा निर्णय होईपर्यंत वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंग कल्याणावर खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद या तिन्ही संस्थांना तो लागू आहे. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या ९ लाख ३३ हजारांहून अधिक होती. राज्यातील अपंगांचे तेव्हाचे प्रमाण लावले, तर येथे साडेचोवीस हजारांच्या आसपास अपंग होते. त्यांतील यंत्रावर अवलंबून असलेले लोक थोडे. त्यांच्या बिलाचा भार या निधीतून उचलणे तिन्ही संस्थांना झेपणारे आहे.

मात्र योजना आखताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली अशी की, भाडेकरूच्या खोलीचे बिल घरमालकाच्या नावाने येते. म्हणून साहाय्य वीजमीटरच्या क्रमांकाला जोडून चालणार नाही. ते अपंगाच्या वैश्विक ओळखपत्राच्या आधारे त्याच्या बँक खात्यात गेले पाहिजे. दुसरी अशी की, २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत फुफ्फुसांचा विकार नाही. कारखान्यांच्या धुळीत आणि रसायनांत आयुष्य घालवून श्वास गमावलेला कामगार त्यामुळे बाहेर राहील. शासकीय रुग्णालयाने लिहून दिलेले उपकरण हीसुद्धा पात्रतेची कसोटी मानली पाहिजे. खोट्या प्रमाणपत्रांची भीती दाखविणाऱ्यांना एवढेच उत्तर पुरे की, चोर पकडणे हे प्रशासनाचे काम आहे. त्याच्या आळसाची शिक्षा खऱ्या अपंगाने का भोगावी?

कार्यकर्त्यांसाठी आजच करण्याजोगे कामही आहे. कलम ५६ नुसार पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्यावाचून थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही. आणि बिलाविषयी वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांतील जी कमी असेल ती निषेधपूर्वक भरली असता वीजपुरवठा चालू ठेवावा लागतो. हे ज्ञान प्रत्येक वस्तीत पोहोचविले पाहिजे. प्रभागवार यंत्रावर जगणाऱ्यांची यादी करून ती महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात आणि नगरपालिकेत लेखी दिली पाहिजे, आणि अशा घराची वीज कोणत्याही कारणाने तोडू नये, ही मागणी लावून धरली पाहिजे.

१९७२ नंतरच्या महागाईविरोधी लढ्यात महाराष्ट्रातील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा रॉकेलचा प्रश्न घरगुती समजून कोणी बाजूला ठेवला नव्हता. आज रॉकेलच्या जागी वीज आहे. ज्यांना मोर्चात चालत येता येत नाही, त्यांचा मोर्चा इतरांनी काढावयाचा आहे.