तांबडें निशाण

गेल्या वर्षींच्या विज्ञान-प्रदर्शनाची तयारी चालू असतां आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें आपल्या कंपासपेटींतून करंगळीहून बारीक अशी एक चकचकीत धातूची नळी काढून मोठ्या हौसेनें आमच्यापुढें धरली. तिच्या एका टोकांतून दोन रंगीत तारा बाहेर आल्या होत्या. "सर, ही विजेच्या घंटेला जोडली तर चालेल का?" असा त्याचा प्रश्न होता. ती नळी म्हणजे विहिरीच्या सुरुंगांत वापरावयाचा डिटोनेटर होय, हें आमच्या ध्यानीं येण्यास एक क्षणहि लागला नाहीं; आणि त्याच क्षणीं शिक्षकाच्या हातून होऊं नये अशी चूक आमच्या हातून झाली. "हें कोठून चोरून आणलेंस?" असें आम्ही मोठ्यानें ओरडलों. मुलानें दचकून ती नळी मुठींत आवळली व मूठ खिशांत घातली.

पुढें ईश्वरकृपेनें कांहीं अनिष्ट झालें नाहीं. आवाज खालीं आणून आम्हीं त्यास ती नळी सावकाश मेजावर ठेवावयास सांगितली, वर्ग मैदानांत नेला, खोलीस कुलूप घातलें व पोलिसांस वर्दी दिली. जाणत्या माणसांनीं येऊन ती वस्तु नेली. परंतु खरी गोष्ट आम्हांस आठ दिवसांनीं कळली. चुलत्याच्या विहिरीचें काम संपल्यावर उरलेल्या अशा आणखी दोन नळ्या त्या मुलाच्या घरीं स्वयंपाकघराच्या कोनाड्यांत, खिळ्यांच्या डब्यांत पडून होत्या. "त्याच दिवशीं कां नाहीं सांगितलेंस?" असें विचारतां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, तुम्ही ओरडलांत, म्हणून." या चार शब्दांनीं आम्हांस विचार करावयास लावलें, आणि तोच विचार विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. दिवाळीच्या फटाक्यांतील दारू आणि सुरुंगांतील उच्च स्फोटक द्रव्य यांत केवळ कमी-अधिक जोराचा भेद नाहीं, जातीचाच भेद आहे. सोरा, गंधक व कोळसा यांची जुनी दारू जळते. ज्योत एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे जाते, आणि वायु कोंडला गेला म्हणजे बार होतो. उच्च स्फोटकांत बहुधा जळणारा अंश व त्यास जाळणारा प्राणवायु हे दोन्ही एकाच रेणूंत शेजारीं शेजारीं बसलेले असतात. एकदां आघाताची लाट सुटली कीं ती वाटेंतील प्रत्येक रेणु फोडीत जाते. टी. एन. टी. नांवाच्या द्रव्यांत या लाटेचा वेग सेकंदास सुमारें ७ किलोमीटर असतो. येथून बार्शी सुमारें ३५ किलोमीटर. तेथवर या द्रव्याची अखंड रांग मांडली, तर कुर्डुवाडीचा स्फोट पांच सेकंदांत बार्शीस पोंचेल. मग हाताएवढ्या अंतरास पापणी लवण्याइतकाहि अवकाश मिळत नाहीं, हें सांगावयास नको.

आश्चर्य असें कीं, हें टी. एन. टी. स्वभावानें शांत आहे. सुमारें ८० अंश उष्णतेवर तें वितळतें, आणि वितळवूनच तें तोफगोळ्यांत ओततात. त्यास जागें करण्यासाठीं डिटोनेटर लागतो. आणि त्या इवल्याशा नळींतील द्रव्य मात्र अत्यंत चिडखोर असतें. ठोका, घर्षण, उष्णता, विजेचा क्षीण प्रवाह, यांपैकीं कशानेंहि तें भडकूं शकतें. लहान वस्तु ती निरुपद्रवी, हा आपला नेहमींचा हिशेब येथें उलटा पडतो. तो हिशेब चुकल्यामुळें बोटें किंवा डोळे गमावण्याची पाळी येते, आणि ती बहुधा मुलांवरच येते. कारण चकाकणारी वस्तु उचलून पाहणें हा बालस्वभाव आहे.

मोठमोठ्या जाणत्यांच्या घरींहि हा हिशेब चुकलेला आहे. ज्या आल्फ्रेड नोबेलच्या नांवानें आज शांततेचें पारितोषिक दिलें जातें, त्याच्या स्टॉकहोम येथील कारखान्यांत १८६४ सालीं नायट्रोग्लिसरीनचा स्फोट होऊन त्याचा धाकटा भाऊ एमिल व इतर कांहीं जण ठार झाले. पुढें १८६७ सालीं नोबेलनें तेंच द्रव्य एका सच्छिद्र मातींत मुरवून डायनामाइट बनविलें, व तें हाताळण्यास पुष्कळ सुरक्षित केलें. परंतु मनुष्याचा निष्काळजीपणा मुरवून टाकील अशी माती मात्र त्यास सांपडली नाहीं.

त्या निष्काळजीपणाचें भयंकर उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. महायुद्ध चालू असतां, १९४४ च्या फेब्रुवारींत, इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालेलें 'फोर्ट स्टिकिन' हें जहाज कराचीवरून १२ एप्रिल रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें. त्यावर सुमारें १,४०० टन दारूगोळा व स्फोटकें होतीं. शिवाय विमानें व सोन्याच्या विटा होत्या. कराचीस त्यांत कापसाच्या हजारों गांठी व तेलाचीं पिपें यांची भर पडली. जळणारें व फुटणारें असें दोन्ही एकाच पोटांत भरलें गेलें. स्फोटक माल आणणाऱ्या जहाजानें डोलकाठीवर तांबडें निशाण चढवावें, अशी वहिवाट होती. 'फोर्ट स्टिकिन'वर तें निशाण नव्हतें.

१४ एप्रिल रोजीं दुपारीं दोनच्या सुमारास जहाजाच्या दुसऱ्या कोठारांत आग लागल्याचें उघड झालें. त्याच्या आधींच आजूबाजूच्या कांहीं लोकांनीं तेथून निघणारा धूर पाहिला होता; परंतु वर्दी कोणींहि दिली नाहीं. ज्याचें जहाज तो पाहून घेईल, असेंच प्रत्येकास वाटलें असावें. मग बंबवाल्यांनीं ९०० टनांवर पाणी ओतलें, तरी आग आटोक्यांत येईना. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व त्यानंतर २८ मिनिटांनीं दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. गोदींतील दहा-बारा जहाजें नष्ट झालीं, भोंवतालच्या वस्तींत आगी लागल्या, हजारों कुटुंबें उघड्यावर पडलीं. मृतांचे अंदाज आठशेंपासून तेराशेंपर्यंत दिले जातात. आग विझवितांना अग्निशमन दलाच्या ६६ जणांनीं प्राण दिले. त्यांच्याच स्मरणार्थ आपल्या देशांत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

मुंबई दूर व १९४४ सालहि दूर, असें कोणास वाटेल. त्यांनीं शेजारच्या बार्शी तालुक्याकडे पाहावें. १ जानेवारी २०२३ रोजीं पांगरीजवळच्या फटाक्यांच्या कारखान्यांत स्फोट होऊन तेथें मोलमजुरी करणाऱ्या स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. त्याआधीं २० नोव्हेंबर २०१८ रोजीं वर्धा जिल्ह्यांत पुलगांव येथें जुना दारूगोळा नष्ट करावयाचें काम चालू असतां सहा जण ठार झाले. आणि आमच्या शाळेंतील त्या नळीकरितां तर कारखानाहि लागला नाहीं, तोफगोळाहि लागला नाहीं. एक विहीर व एक कोनाडा एवढेंच पुरे झालें.

कांहीं पालक आम्हांस म्हणतात, "सर, या गोष्टी मुलांना सांगूंच नयेत. न सांगितलें तर तीं त्या वाटेला जाणार नाहींत." त्यांच्या कळकळीविषयीं आम्हांस आदर आहे, पण त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. तो मुलगा ज्ञानामुळें त्या वाटेस गेला नव्हता. ती नळी काय आहे हें त्यास ठाऊक नव्हतें, म्हणूनच त्यानें ती विजेच्या घंटेस जोडावयाचें मनांत आणलें. अज्ञान हें कधींहि कोणाचें कवच झालेलें नाहीं. दुसरे कांहीं म्हणतात, "ज्याच्यापाशीं असली वस्तु सांपडेल त्यास चांगली शिक्षा करा, म्हणजे पुन्हां कोणी आणणार नाहीं." हें खरें आहे, पुन्हां कोणी आणणार नाहीं. सर्व जण लपवितील. आमच्या एका ओरडण्यानें दोन डिटोनेटर आठ दिवस चुलीपासून चार हातांवर राहिले, हा अनुभव आम्ही विसरूं शकत नाहीं.

आपण कुर्डुवाडीचे लोक. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वेची गाडी येथून बार्शीस जाऊं लागली, तेव्हांपासून या गांवचीं मुलें निशाणें व कंदील पाहातच वाढलीं आहेत. तो अरुंद रूळमार्ग आतां रुंद झाला, तरी तांबड्या रंगाचा अर्थ बदललेला नाहीं. रूळ तडकलेला दिसला तर गँगमन तो कोणीं तडकविला याची चौकशी करीत बसत नाहीं. तो निशाण घेऊन गाडीच्या दिशेनें धांवतो. गाडीस उशीर केलास म्हणून त्यास कोणी दोष देत नाहीं. धुक्यांत निशाण दिसत नाहीं, तेव्हां रुळावर लहानसे फटाके लावून ठेवतात. चाकाखालीं त्यांचा आवाज झाला कीं चालक सावध होतो. म्हणजे स्फोटक द्रव्यसुद्धां योग्य हातीं असल्यास प्राण वाचवितें. विहिरीस पाणी लागतें, खाणींतून दगड निघतो, तोहि त्याच्याच बळावर. आमचा रोष त्या द्रव्यावर नाहीं. धूर दिसत असतां गप्प राहणाऱ्या आपल्या संवयीवर आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, विहिरीचें काम परवाना असलेल्या सुरुंगवाल्याकडूनच करवावें. किती नळ्या व कांड्या आल्या आणि किती लागल्या, याची मोजदाद त्याच्यासमक्ष करावी. उरलेली एकहि वस्तु घरीं ठेवून घेऊं नये. कोनाडा, माळा, कडब्याची गंज, यांपैकीं कोठेंहि तिची जागा नाहीं. या द्रव्यांसंबंधीं १८८४ पासून कायदा आहे, व त्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचें मुख्य कार्यालय आपल्या महाराष्ट्रांतच, नागपुरास आहे. घरांत पूर्वींची कांहीं वस्तु राहिली असल्यास तीस हात न लावतां पोलिसांस कळवावें. चौकशीचें भय वाटणें साहजिक आहे. पण मुलाचा हात गेल्यावर जी चौकशी होते ती याहून कठीण.

विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: ओळखीची नसलेली नळी, कांडी किंवा तार दिसली तर तिला शिवूं नये, पायानें उडवूं नये, खिशांत घालूं नये. दूर व्हावें, इतरांस दूर ठेवावें व मोठ्या माणसास सांगावें. यहेज्केलाच्या ग्रंथांत एका पहारेकऱ्याची गोष्ट आहे. संकट येतांना पाहूनहि त्यानें कर्णा वाजविला नाहीं, तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब त्यासच द्यावा लागतो. ती गोष्ट आम्हीं पुष्कळ वेळां वर्गांत शिकविली आहे. ती आम्हांस स्वतःस त्या दिवशीं प्रथम समजली. पहारेकऱ्यानें कर्णा वाजवावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु कर्णा वाजविणाऱ्याचेंच थोबाड फोडावयाचें नाहीं, हें तटाच्या आंतील लोकांचें कर्तव्य आहे.

यासाठीं आम्ही या अंकांतून आमच्या सर्व विद्यार्थ्यांस वचन देतों. अशा वस्तूची खबर घेऊन जो कोणी आमच्याकडे येईल, मग ती वस्तु त्यानें स्वतःच घरून आणलेली कां असेना, त्यास आमच्याकडून शिक्षा होणार नाहीं व आमचा आवाजहि चढणार नाहीं. पालकांनींहि आपआपल्या घरीं असेंच वचन द्यावें. तांबडें निशाण चढविणाऱ्या हातास आपण अभय दिलें, तरच तें वेळेवर चढेल.