नको म्हणायची सोय

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. रोज सकाळी साडेआठला ताईला फोन करायचा हा माझा जुना नेम. ताई ८१ वर्षांची, एकटी राहते. त्या दिवशी तीनदा फोन लावला, पण तिने उचलला नाही. मनात नाही नाही ते येऊन गेलं. शेवटी तिच्या शेजारच्या वहिनींना फोन करून म्हटलं, जरा बघून या हो.

ताई ठणठणीत! फोन हातातच होता, वाजतही होता, पण उचलायचा कसा तेच तिला कळेना. फोन घ्यायला खूण वर सरकवायची, एवढं नातवाने शिकवलेलं. रात्रीतून फोनने आपलं आपण अपडेट घेतलं आणि ती आडवी सरकवायची झाली. ताई मला म्हणाली, "अरे, मीच विसरायला लागले की काय?"

मंडळी, मला चीड आली ती या वाक्याने. बदल केला कंपनीने आणि शंका घेतली ताईने स्वतःवर!

अपडेटची सूचना येते तेव्हा बहुधा दोनच बटणं असतात, 'आत्ता' आणि 'नंतर'. आपल्या भाषेत 'नाही'च्या जोडीला 'नको' असा खास शब्द आहे. यजमानाने कितीही आग्रह केला तरी पानावर आडवा हात धरून नको म्हणता येतं. फोनला तो शब्दच ठाऊक नाही. ताईला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

भाचा म्हणतो, "मामा, अपडेट बंद करू नका." त्याचं खरं आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत तर शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

पण ज्या वाटेने दुरुस्ती येते, त्याच वाटेने आणखीही काही होऊ शकतं. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं कारण होतं. पैसे परत दिले, पुढे बेझोस यांनी माफीही मागितली. पुसलेलं पुस्तक कुठलं, तर ऑर्वेलचं '१९८४'!

माझं म्हणणं एवढंच आहे. कुलूप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने कुलूप जरूर दुरुस्त करावं, पण जाता जाता आमच्या स्वयंपाकघरातले डबे हलवू नयेत. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी द्या आणि रूप बदलायचं अपडेट वेगळं. पहिलं लगेच घेऊ. दुसऱ्याला 'नको' म्हणायची सोय हवी, आणि घेतलं तर मागे फिरायचीही. फोन आम्ही पैसे मोजून घेतला आहे.

असो. भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन ताईला नुसतं बोट टेकवून फोन उचलायची सोय करून दिली आहे. आता ती पहिल्या झटक्यात उचलते. पण "हॅलो"च्या आधी विचारते, "बरोबर दाबलं ना रे मी?"