बागेसाठी जुना मिनी ट्रॅक्टर घेताना



राहुरीकडच्या एका वाचक बहिणीचे पत्र आले आहे. अब्बांनी लावलेली पावणेदोन एकरांची बाग, त्यात पेरू आणि चिकू, बांधावर चिंच, आंबा आणि कडुलिंबाची जुनी झाडे. भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला तर वेळेवर येत नाही, आला तर फांद्या मोडून जातो. नवा घ्यायचा तर कर्ज काढावे लागते आणि कर्ज म्हणजे व्याज. जुना छोटा ट्रॅक्टर हाताशी असलेल्या पैशांत बसतो, पण फसण्याची भीती वाटते. "काय पाहून घ्यावा, ते लिहा," असे त्या म्हणतात.

आम्ही स्वतः एकदा फसलो आहोत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर द्यायचा थोडा हक्क आम्हाला आहे. ती गोष्ट पुढे येईलच. आधी बागेत जाऊ या.

लोक आधी ट्रॅक्टर पसंत करतात आणि मग तो बागेत शिरतो का ते पाहतात. आपा, तुम्ही उलटे करा. बांबूची एक काठी घ्या आणि फळे लगडलेली असतात त्या दिवसांत ओळीतून चाला. पेरूची शिफारस वीस फूट बाय वीस फुटांची आहे, डाळिंबाची पंधरा बाय दहा. पण हे अंतर खोडापासून खोडापर्यंतचे. ट्रॅक्टर खोडांमधून जात नाही, फांद्यांच्या टोकांमधून जातो. फळांच्या वजनाने फांदी खाली येते तेव्हा वीस फुटांतले सात-आठ फूटही मोकळे राहत नाहीत. मोठा ट्रॅक्टर सहा फुटांच्या आसपास रुंद असतो, म्हणूनच तो फांद्या घेऊन जातो. मिनी ट्रॅक्टर तीन-साडेतीन फुटांत बसतो. उंचीही मोजा. काही ट्रॅक्टरचा सायलेन्सर बोनेटवर उभा असतो. तो फांदीत अडकतो आणि त्याचा गरम धूर पानांवर जातो. बागेसाठी खाली किंवा बाजूला वळवलेला सायलेन्सर बरा.

आणखी एक मोजमाप लोक विसरतात, ते म्हणजे ओळीच्या शेवटी वळायची जागा. बांधापर्यंत झाडे लावली असतील तर तीन फुटांचा ट्रॅक्टरही तिथे चारदा मागे-पुढे करावा लागतो.

मग काम कोणते, ते ठरवा. बागेत नांगरट नसते. पेरू आणि लिंबूवर्गीय झाडांची अन्न घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच असतात. रोटाव्हेटर खोल लावून खोडापर्यंत नेला तर शेत साफ दिसते, पण झाड उपाशी राहते. आमच्या एका चुलतभावाने असे दोन वर्षे केले आणि फळ का गळते म्हणून औषधे फवारत बसला. बागेचे काम म्हणजे ओळीतले गवत, उथळ मशागत, फवारणी आणि क्रेट रस्त्यापर्यंत ओढणे. तुमच्या पावणेदोन एकरांना 15 ते 20 अश्वशक्ती पुरते. महिंद्राचा युवराज 215 आणि स्वराज 717 हे 15 अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे. व्हीएसटीचा शक्ती एमटी 180 डी आणि कुबोटाचा ए 211 एन हे त्यांच्या वरचे, तीन सिलिंडरचे. एका सिलिंडरचे इंजिन साधे. गावचा मिस्त्रीही ते खोलतो, मात्र हादरे जास्त देते. तीन सिलिंडरचे मऊ चालते, पण उघडले तर खर्च वाढतो. घेण्याआधी त्या कंपनीचे सुटे भाग आपल्या तालुक्यात कोणत्या दुकानात मिळतात ते विचारून या. फवारणीच्या ऐन दिवसात एका सीलसाठी पुण्याला माणूस पाठवावा लागला, तर ट्रॅक्टर असून नसल्यासारखा.

जमीन कोणती, यावरही बरेच ठरते. पारनेर-संगमनेरच्या मुरमाड रानात दोन चाकांवर चालणारा छोटा ट्रॅक्टर पावसातही निघतो. कालव्याखालच्या काळ्या, चिकट जमिनीत तोच जागच्या जागी चाक फिरवत बसतो. तिथे चारही चाकांना ताकद मिळणारा पाहावा, मग थोडा जास्त वापरलेला असला तरी चालेल. ब्लोअर जोडून फवारणी करायची असेल तर 15 अश्वशक्तीवर भरवसा ठेवू नका. मिनी ट्रॅक्टरला ब्लोअर लागतो म्हणजे चालतोच असे नाही. विकणाऱ्याला पाणी भरून चालवून दाखवायला सांगा.

आता आमची गोष्ट. आठ वर्षांपूर्वी राहाता तालुक्यातल्या आमच्या पेरूच्या बागेसाठी आम्ही जुना मिनी ट्रॅक्टर घेतला. अम्मीच्या भिशीचे पैसे, बैलजोडी विकून आलेले पैसे आणि मामूंनी बिनव्याजी दिलेली उचल, अशी रक्कम जमली होती. व्यापाऱ्याकडे पोहोचलो तेव्हा मगरिबची वेळ होत आली होती. ट्रॅक्टर नुकताच रंगवलेला, चावी फिरवताच सुरू झाला. आम्ही खूश. घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायची असती तर आम्ही दात पाहिले असते, कास दाबून पाहिली असती, दूध काढून पाहिले असते. इथे मात्र रंग पाहून पैसे मोजले. महिन्याभरात गिअरबॉक्सखाली तेल ठिबकू लागले. मिस्त्रीचाचांनी रंग खरवडला तर आत वेल्डिंगची जाड रेघ होती. लिफ्टही वर उचललेला रोटाव्हेटर धरून ठेवत नव्हती. व्यापारी म्हणाला, "जसा आहे तसा घेतला तुम्ही." अम्मी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी जेवणही केले नाही.

त्यानंतर मिस्त्रीचाचांनी आम्हाला जे शिकवले ते सांगतो. पाहायला सकाळी जा आणि आधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करू नका. गेल्याबरोबर बोनेटखाली हात लावा. गरम असेल तर चहा पिऊन परत या. "गरम तव्यावर कोणाचीही रोटी फुगते," असे चाचा म्हणायचे. थंड इंजिन किती वेळात धरते आणि पहिला धूर कसा येतो, यात निम्मी परीक्षा होते. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालतो, थांबला नाही तर डिझेल पूर्ण जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे. काळा धूर अनेकदा एअर फिल्टर किंवा नोझलचा असतो, त्याला घाबरू नका, पण भावात धरा. डिपस्टिक काढून ऑइल पाहा. दुधाळ दिसले तर ऑइलमध्ये पाणी आहे आणि सौदा तिथेच संपला. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा, त्यात तेलाचा तवंग नसावा.

लिफ्टसाठी रोटाव्हेटर जोडून पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे गप्पा मारा. हळूहळू खाली बसू लागला तर आतले सील किंवा पिस्टन गेले आहे. पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक दोन्ही हातांनी हलवा, खडखड आवाज आला तर बुश गेलेले. प्रत्येक गिअरमध्ये ओझे घेऊन चालवा, गिअर आपोआप निसटता कामा नये. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या जोडावर बोट फिरवा, नवा रंग जिथे जाड लागतो तिथे थांबा. तासांचा मीटर शेवटी पाहा, कारण जुन्या मीटरची केबल काढली की तास थांबतात. क्लचचे पेडल किती गुळगुळीत झाले आहे, ट्रॉली जोडायच्या पट्टीचे भोक किती लांबट झाले आहे, ते खोटे बोलत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी चांगली, पण रबर दहा वर्षांचे, असे टायर उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर हमखास सापडतात.

एक गोष्ट आमच्या घरातल्या बायकांच्या वतीने. मागच्या फिरत्या दांड्यावर, पीटीओवर, झाकण असतेच. जुन्या ट्रॅक्टरचे ते बहुतेक कुठेतरी हरवलेले असते. ओढणी किंवा उपरण्याचे टोक त्यात गेले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. झाकण नसेल तर ते बसवून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर घरी आणू नका. अरुंद ट्रॅक्टर बांधावर तिरका झाला की पटकन उलटतो, तेव्हा मुलांना मडगार्डवर बसवून फिरवणेही नको.

कागदांचे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. आरसी बुकावरचा चॅसिस आणि इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवा. बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची ना-हरकत आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. आपल्या जिल्ह्यात परिवहन कार्यालये दोन आहेत, नगरचे एमएच 16 आणि श्रीरामपूरचे एमएच 17. गाडी कुठली आहे ते आधीच विचारा, म्हणजे नंतर फेऱ्या वाढत नाहीत. पहिल्या मालकाने अनुदानावर घेतली असेल तर विकण्यावर काही अट आहे का, ते कृषी कार्यालयात विचारा. भाव करताना हेही लक्षात असू द्या की 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. नवा स्वस्त झाला म्हणजे जुन्याचा कालचा भाव आज लागू नाही.

पैसे नातेवाइकांकडून घेणार असाल तर लिहून घ्या. सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. आपल्याकडे मात्र लिहा म्हटले की मामूंना अपमान वाटतो. आमच्या मामूंनाही वाटला होता. चार वर्षांनी हप्ते किती झाले यावर दोघांची आठवण वेगळी निघाली, तेव्हा त्यांनीच विचारले, "तो कागद कुठे आहे?"

राहिले आमच्या ट्रॅक्टरचे. आम्ही तो सात वर्षे वापरला. लिफ्टखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचो, वेल्डिंगच्या जागी तेल पाहत राहायचो. मागच्या वर्षी थोरल्या भावाची बाग आमच्याकडे आली आणि चारही चाकांवर चालणारा घ्यायचे ठरले, म्हणून हा विकायला काढला. धाकटा मुलगा म्हणाला, "अब्बा, रंग मारून घेऊ." आम्ही नको म्हटले. त्यावर तो जे बोलला ते त्याच्या वयाला शोभेलसेच होते: "आपल्याला कुणी सांगितलं होतं का?"

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही असे बजावले. ही हदीस आम्ही मुलाला लहानपणी मदरशाचा धडा म्हणून पाठ करायला लावली होती. त्या दिवशी ती सांगायला आमचीच जीभ जड झाली, कारण आमच्याही मनात आकडा फिरत होता. वेल्डिंग आणि लिफ्ट सांगितली तर किमान वीस हजार कमी येणार, हे मिस्त्रीचाचांनी आधीच सांगितले होते.

सांगितले. पहिले दोन गिऱ्हाईक निघून गेले. तिसरे श्रीगोंद्याकडचे, लिंबाची बाग असलेले गृहस्थ. त्यांनी वेल्डिंगवर बोट फिरवले, लिफ्ट खाली बसताना पाहिली आणि म्हणाले, "मला लिफ्ट कशाला हवी? मला तर गोण्या भरलेली ट्रॉली ओढायची आहे आणि पाण्याची टाकी. रोटाव्हेटर मी लावतच नाही." बावीस हजार कमी देऊन ते ट्रॅक्टर घेऊन गेले. व्यवहाराच्या कागदावर दोन्ही दोष आम्ही लिहिले आणि मुलाने साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना त्याचा चेहरा फारसा खूश नव्हता, हे खरे.

गेल्या महिन्यात त्या गृहस्थांचा फोन आला. आमच्या पोटात गोळा आला. पण तक्रार वेगळीच होती. छाटणीनंतर पडलेले लिंबाचे काटे पुढच्या टायरमध्ये शिरतात आणि आठवड्याला पंक्चर होते, त्यावर काही उपाय आहे का? आम्ही फोन मिस्त्रीचाचांकडे दिला.