लाऊंजच्या भरवशावर इन्सुलिन

गेल्या आठवड्यात तासगावकडचे एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. सुनेचे बाळंतपण जवळ आले म्हणून दोघे अमेरिकेला निघालेले. बाईंना बारा वर्षांपासून मधुमेह, दोन्ही वेळचे इन्सुलिन. वाटेत काय खाणार, असे मी विचारताच गुरुजी खुशीत म्हणाले, “त्याची काळजी नाही डॉक्टर. मुलाने विमानतळावर लाऊंजची सोय केली आहे. हवे तेवढे खा म्हणाला!”

मला आमची २०२३ सालची फजिती आठवली.

आम्हीही असेच मुलीकडे निघालो होतो. सांगलीहून मुंबईपर्यंत गाडीत आठ-नऊ तास, तिथे तीन तास आधी हजेरी, मग विमान. आखातातील एका मोठ्या विमानतळावर सकाळी उतरलो. पुढचे विमान सहा तासांनी. जावयाने लाऊंजचे पास आग्रहाने काढून दिले होते. माझ्या डोळ्यांपुढे मऊ कोच आणि गरम नाष्टा. सौभाग्यवतींनाही मधुमेह आहे. जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे ते मिश्र इन्सुलिन त्या घेतात. अर्ध्या तासात खायला मिळणारच, या हिशेबाने मी त्यांना वाटेतच टोचून घ्यायला सांगितले.

लाऊंजच्या दाराशी भलीमोठी रांग! आत जागा नाही, थांबा, एवढेच उत्तर. पाऊण तास गेला. बोलता बोलता सौ. गप्प झाल्या. कपाळावर घाम, हाताला कंप. विचारले तर उत्तर भलतेच. तपासणीच्या यंत्रावर साखर ५८! ७०च्या खाली गेली की ती धोक्याची, हे मी रोज पंधरा जणांना सांगतो. आणि माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी नाही. पिशवीत होते जावयासाठी सातारला घेतलेले कंदी पेढे. पण पेढ्यात खवा, म्हणजे स्निग्धांश, त्यामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. अशा वेळी हवी साधी साखर. शेजारच्या चहाच्या ठेल्यावरील मुलाने मूठभर पुड्या पुढे केल्या. तीन पुड्या, साधारण पंधरा ग्रॅम साखर, पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा कुठे माझा जीव खाली आला.

मग आत प्रवेश मिळाला. एकच खुर्ची रिकामी, तीही डगमगती. खायला केक, गोड पाव, डबाबंद रस आणि कसले तरी मांसाचे काप. शाकाहारी मधुमेह्याला उपयोगी म्हणावे असे उकडलेले हरभरे तेवढे, तेही गार. मद्याचा कट्टा मात्र सकाळीच भरलेला. (फुकट म्हणून तिथे बसणाऱ्यांना सांगतो, मद्याने लघवी जास्त होते, विमानातली हवा आधीच कोरडी. घसा आणि डोके, दोन्ही धरतात.)

लाऊंज वाईट निघाली, ही तक्रार जावयाकडे करून झाली. पण चूक माझी होती. समोर ताट दिसल्याखेरीज जेवणाचे इन्सुलिन टोचायचे नाही, हा नियम मी घरी पाळतो आणि परदेशात झगमगाटाला भुलून मोडला.

गुरुजींना हे सारे सांगितले. आपले लोक पूर्वी पंढरपूरला निघाले तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेत. विमानातही कोरडे खाणे नेता येते. अडवतात ते दही, लोणच्याचा रस असले पातळ पदार्थ. शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ सोडत नाहीत. औषधाला त्यातून सवलत असते, म्हणून इन्सुलिनबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच हवे. मोठ्या बॅगेबरोबर खाली सामानात दिले तर गोठून निकामी होण्याची भीती, आणि बॅगच चुकली तर संपलेच. अमेरिकेत घड्याळ साडेनऊ ते साडेतेरा तास मागे जाते, तेव्हा कोणता डोस कधी घ्यायचा तेही निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे.

“मग लाऊंजमध्ये जायचेच नाही का?” गुरुजी जरा हिरमुसले.

“जा की. पाय मोकळे करा, चहा घ्या. फक्त जेवणाचा हिशेब तिच्यावर ठेवू नका.”

बाई इतका वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, “दशम्या मी करणारच होते. हेच नको म्हणत होते.”