“सगळं नॉर्मल आहे” म्हणजे काय हो?



गेल्या महिन्यात सुनेला पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला घेऊन गेले. अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतात ती. दीड तास बाकावर, दहा मिनिटं आत. डॉक्टर मापं सांगत होते ती टाइप करणाऱ्या मुलीला. सुनेने विचारलं, “बाळाचं हृदय नीट दिसलं का?” उत्तर मिळालं मला! “काकू, सगळं नॉर्मल आहे. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.” पोट तिचं, प्रश्न तिचा.

बाहेर येताच विहीणबाईंचा फोन. सून म्हणाली, “छान झालं.” मी विचारलं, छान काय झालं गं? तर म्हणे एसी होता आणि बायकांचा स्टाफ चांगला होता. मी बी.कॉम. आहे, पाच रुपयांच्या कोथिंबिरीचाही हिशेब मागते. इथे मोठं बिल भरून आम्ही एसीवर समाधानी!

तिसऱ्या महिन्यातल्या डबल मार्करचंही तेच. ती तपासणी फक्त धोका किती ते सांगते, दोष आहेच असं नाही. पक्कं करायला पुढची तपासणी लागते. हे न सांगता नुसता “हाय रिस्क” असा कागद हातात दिला, तर पोरीने रात्रभर रडायचं का?

पण सगळा दोष डॉक्टरांवर ढकलणार नाही. आपल्याच भिशीत ऐकते, “कर्मात असेल ते होईल, कशाला तपासण्या?” अहो, मग बीपीची गोळी कशाला घेता? बाळाच्या हृदयात दोष आहे हे आधी कळलं, तर जिथे लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होते तिथे बाळंतपण करता येतं. थॅलेसेमियासाठी नवराबायकोचं रक्त तर लग्नाआधीच तपासता येतं. जीव वाचवायची तयारी करणं ही हिंसा कशी?

आणि हेच कर्म मुलगा हवा असताना कुठे जातं? महाराष्ट्राने 1988 मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, केंद्राचा 1994 चा. तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या जैन समाजात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे मुली 889, देशाच्या सरासरीपेक्षाही कमी. आणि साक्षरतेत आपण सगळ्या धर्मांत पहिले! मुंगी वाचवायला पाणी गाळून पिणारे आपण. हा आकडा वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याच मशीनला मुलगी शोधायला लावलं आणि आता बाळाची तब्येत बघायची म्हटली की कर्म आठवतं.

पुढच्या भेटीला सुनेने वहीच्या पानावर पाच प्रश्न लिहून नेले. मी मुद्दाम बाहेर बसले. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी खुर्ची वळवली, रिपोर्ट पुढ्यात घेतला आणि हृदयाचे चार कप्पे कागदावर काढून दाखवले. सगळे दोष सोनोग्राफीत दिसतातच असं नाही, हेही सांगितलं. पंधरा मिनिटं लागली. तो कागद सुनेने फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय.